क्विलची बिस्किटं

"खिडकी उघड गं बाई! आज तुझ्याकडे काय शिजतंय ते सगळ्या गल्लीला कळलंय." मागच्या दारातून आत येता येता डॉट म्हणाली आणि नाकाला रुमाल लावून खुर्ची ओढून बसली.

ग्लेनिस थ्वेटनं वळूनही पाहिलं नाही. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत ओटच्या पिठात होते. उकडून वाटलेली कलेजी, किसलेलं गाजर, एक अंडं. मीठ नाही, साखर नाही, कांदा तर चुकूनसुद्धा नाही. गोळा मळून झाला की लाटायचा, शंकरपाळ्यांसारखे बारीक काप पाडायचे आणि मंद ओव्हनमध्ये खडखडीत होईपर्यंत वाळवायचे. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं हयातभर पोरांसाठी रांधलं, पण तिच्या हातचं इतक्या भक्तिभावानं कुणी खाल्लं असेल तर ते टेबलाखाली पसरलेल्या या पिवळ्या कुत्र्याच्या धुडानंच.

डॉट शेजारची. तिच्या दर तीन वाक्यांत एक टोमणा असे आणि उरलेली दोन त्याची पूर्वतयारी. तरी सकाळचा चहा ती इथंच प्यायची, कारण तिच्या घरी टोमणा मारून घ्यायला कुणी नव्हतं.

"आजच ना त्याची परीक्षा?"

"अकराला. बाजारात."

"पास झाला तर?"

"गॅरेथ तिथूनच गाडीत घालून नेईल."

"आणि नापास झाला तर?"

ग्लेनिसनं लाटणं जरा जोरात फिरवलं. उत्तर दोघींनाही माहीत होतं. आंधळ्या माणसांना वाट दाखवणारी कुत्री तयार करणारी ती संस्था दोन महिन्यांचं पिल्लू घरी आणून देई. त्याला वर्षभर सांभाळायचं, माणसांत वागायला शिकवायचं, आणि ते शहाणं झालं, जीव लागला, की परत करायचं. एका वेतातल्या सगळ्या पिल्लांची नावं एकाच अक्षरावरून ठेवायची संस्थेची पद्धत होती. या वेताच्या वाट्याला इंग्रजी 'क्यू' हे अवघड अक्षर आलं, म्हणून हा क्विल. ग्लेनिसचा सातवा. आधीची सहा पास होऊन गेली. नापास झालेलं कुत्रं मात्र आधी सांभाळणाऱ्यालाच देऊ करायचं, असाही तिथला रिवाज होता.

"मी काय म्हणते," डॉट चहात बिस्कीट बुडवत म्हणाली, "सहा दिलीस. सातवं ठेवलंस म्हणून चर्चमध्ये तुझं नाव घेऊन कुणी ओरडणार नाहीये."

"तू मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही गं. तुझे गुडघे बघते न् बोलते. रोज पहाटे अंधारात याच्यामागे फरपटत जातेस, परत आलीस की जिन्याला धरून उभी राहतेस. एवढं करून द्यायचा कुणाला? परक्याला!"

"कुणाला तरी डोळे नसतात, डॉट."

"आणि कुणाला तरी माणूस नसतं," डॉट म्हणाली आणि आपण जास्त बोललो हे कळून चहाच्या कपात बघत बसली.

ग्लेनिसच्या नवऱ्याला, लेनला, जाऊन दोन वर्षं होत आली होती. आधीची सहा कुत्री गेली तेव्हा घरात लेन होता. त्या त्या संध्याकाळी दोघं न बोलता बसत आणि शेवटी लेन म्हणे, "चहा ठेव बाई, रडायला ताकद लागते." नियमांचा तो मोठा पक्का. संस्थेनं दिलेलं कोरडं खाणं सोडून कुत्र्याला काही घालायचं नाही म्हणजे नाही. टोस्टचा कोपरासुद्धा तो टेबलाखाली जाऊ देत नसे. क्विल आला तो लेन गेल्यानंतर. पहिल्या रात्री पिल्लू कुंईकुंई करत राहिलं, ग्लेनिसही जागीच. दुसऱ्या दिवशी तिनं फ्रिजमध्ये उरलेली कलेजी उकडली. बिस्किटं सुरू झाली ती अशी. संस्थेतर्फे परीक्षा घेणाऱ्या गॅरेथला तिनं सांगितलं नाही.

पीं-पीं-पीं-पीं. ओव्हनची वेळ झाली.

टेबलाखालचं धूड सुळकन बाहेर आलं आणि ओव्हनपुढे ताठ बसलं. हनुवटी वर, कान मागे, शेपटीनं फरशी झाडत. शाळेत बक्षीस घ्यायला स्टेजवर गेलेली मुलं उभी राहतात तसं.

"कवायत बघा साहेबांची!" डॉट म्हणाली.

ग्लेनिस हसली नाही. एक काप फुंकून थंड केला, त्याच्या जिभेवर ठेवला आणि उरलेल्यांतले मूठभर कोटाच्या खिशात टाकले. मागच्या महिन्यात पोस्टासमोर काय झालं ते तिनं डॉटला सांगितलं नव्हतं. तिथल्या सिग्नलच्या दिव्यात चालणारा हिरवा माणूस पेटला की पादचाऱ्यांसाठी तसाच आवाज होतो. पीं-पीं-पीं. तो ऐकताच क्विल रस्त्याच्या कडेला हुकूम मिळाल्यासारखा खाली बसला आणि तिच्या खिशाकडे बघायला लागला. तिला आधी हसू फुटलं, मग परीक्षा आठवली. त्या दिवसापासून ती पोस्टाकडे फिरकली नाही, चर्चच्या बाजूनं जाऊ लागली. ओव्हनची घंटा बंद करता आली असती. बिस्किटंही बंद करता आली असती. दोन्ही चालू राहिली. का, ते तिनं स्वतःला विचारलं नाही, आणि न विचारण्याचा हिशेब तिला बरोबर ठाऊक होता.

*

बाजाराच्या तोंडाशी गॅरेथ गाडीला टेकून थर्मासमधली कॉफी पीत होता. चाळिशीचा उंच माणूस. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली पिशव्या, चिखलाची पँट.

"या मिसेस थ्वेट. सकाळपासून दोन कुत्री नापास केलीत मी. दोन्ही घरांत रडारड. निदान तुम्ही तरी रडू नका, रुमाल संपलेत माझे."

"मी रडते तेव्हा तू बघायला नसतोस, बाळा," ग्लेनिस म्हणाली आणि पट्टा त्याच्या हाती दिला.

तिनं लांबूनच यायचं, कुत्र्याच्या नजरेत यायचं नाही, असं ठरलेलं होतं. भुरभुर पाऊस होता. गॅरेथ आणि क्विल पुढे, बऱ्याच मागे छत्रीत ग्लेनिस. खाटकाच्या ठेल्यावर सॉसेजच्या माळा लोंबत होत्या. क्विलचं नाक हललं, पाय हलले नाहीत. एका बाबागाडीतून चिप्सचा पुडा खाली सांडला. तो त्याला वळसा घालून गेला. कबुतरं पायांशी आली तेव्हा तर त्यानं इतकं दुर्लक्ष केलं की कबुतरांनाच अपमान वाटावा. पुलाखालच्या काळोख्या बोळात वरून आगगाडी धडधडत गेली. गॅरेथ दचकला, कुत्रं नाही.

प्रत्येक अडथळा पार झाला की ग्लेनिसची छाती भरून येई आणि त्याच क्षणी गॅरेथची गाडी डोळ्यांपुढे येई. सहा वेळा ती या रस्त्यानं अशीच मागून चालली होती, पण तेव्हा फक्त छाती भरून यायची.

गॅरेथ पोस्टाकडे वळला.

सिग्नलपाशी त्यानं बटण दाबलं. गाड्या थांबल्या, हिरवा माणूस पेटला, पीं-पीं-पीं सुरू झालं. लोक चालू लागले. क्विल खाली बसला.

"चल," गॅरेथ म्हणाला. क्विल ढिम्म. लाल झालं. गॅरेथनं त्याला उभं केलं, पुन्हा बटण दाबलं. पीं-पीं-पीं. पुन्हा बसला. तिसऱ्या वेळी एका म्हाताऱ्यानं जाता जाता टोला हाणला, "कुत्र्याला बस पकडायची असेल रे, थांबा पुढे आहे!"

गॅरेथनं हात वर करून ग्लेनिसला बोलावलं. ती गेली. उभी चढण चढायला लागावा तसा वेळ तिला ती पन्नासएक पावलं टाकायला लागला.

"याआधी कधी असं केलंय यानं?"

"आम्ही चर्चच्या बाजूनं जातो नेहमी," ग्लेनिस म्हणाली. वाक्य खरं होतं. नुसतं उत्तर नव्हतं.

गॅरेथनं डोळे चोळले. "आवाजाला घाबरतोय. शेपटी हलतेय ते मला दिसतंय हो, पण घाबरलेली कुत्रीही हलवतात शेपटी, समोरच्याला खूश ठेवायला. बाकी सगळं सोन्यासारखं केलं त्यानं. पण सिग्नलला बसणाऱ्या कुत्र्याच्या भरवशावर मी आंधळ्या माणसाला रस्त्यात सोडू कसा? आणि भीती जात नाही, मिसेस थ्वेट. दाबली की दुसरीकडून वर येते." त्यानं खांदे पाडले. "भित्रा म्हणून बाद करावा लागेल. पण तुमच्यासाठी वाईट बातमी नाहीये ही. तुम्हालाच पहिल्यांदा विचारतोय. ठेवाल ना?"

इतकंच होतं. मान हलवायची. खोटंही बोलायचं नव्हतं. संध्याकाळी घरात पावलं वाजली असती, पायांवर ऊब असती, पहाटे उठायला कारण असतं. डॉटनं 'मी म्हटलं नव्हतं?' म्हणून महिनाभर मिरवलं असतं. ग्लेनिसनं मान खाली घातली. तिथं क्विल अजून तसाच बसला होता, शिस्तीत, हनुवटी वर करून. शिकवलेलं काम त्यानं चोख केलं होतं, आता तो मजुरीची वाट बघत होता.

"भित्रा?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"म्हणजे तसा शब्द आहे आमच्याकडे—"

"भित्रा? हा? नोव्हेंबरात फटाक्यांच्या रात्री आमच्या गल्लीतली सगळी कुत्री पलंगाखाली होती. डॉटची मांजर दोन दिवस सापडली नाही. हा माझ्या पायांवर घोरत होता! याच्या सात पिढ्यांत कुणी भित्रं नसेल."

"मग बसतो कशाला?"

ग्लेनिसनं छत्री मिटली. पाऊस तोंडावर येऊ दिला.

"माझ्या ओव्हनमुळे."

"काय?"

"ओव्हन असाच वाजतो. वाजला की बिस्किटं तयार. हा येऊन बसतो, मी देते. घरी करते मी, कलेजीची. पहिल्या आठवड्यापासून."

गॅरेथनं पुन्हा बटण दाबलं. पीं-पीं-पीं सुरू झालं तसा ग्लेनिसनं खिशात हात घातला. क्विल बसल्या बसल्या सबंध गर्रकन तिच्याकडे वळला. त्याच्या ओठातून लाळेची तार लोंबली.

गॅरेथ हसायला लागला. थकलेल्या माणसाचं हसू ते, आधी खांदे हलले, आवाज मागून आला. "घरचं काही घालू नका म्हणून सांगितलं होतं मी तुम्हाला."

"सांगितलं होतंस."

"मागच्या महिन्यात फोन केला तेव्हाही विचारलं होतं."

"विचारलं होतंस. मी म्हटलं, छान चाललंय."

"तुम्ही, मिसेस थ्वेट! अहो, नव्या लोकांना मी तुमचं उदाहरण देतो."

"आता दुसरं शोध." तिनं क्विलकडे पाहिलं. "जाईल का हे त्याचं?"

"हे?" गॅरेथनं नाक पुसलं. "ही सवय आहे, भीती नाही. आवाज वाजवायचा, बिस्कीट द्यायचं नाही, पुढे चालायचं. दोन आठवड्यांत विसरेल." हे बोलता बोलता त्याला काहीतरी उमगलं असावं, कारण त्याचं हसू मावळलं. "तुम्ही गप्प बसला असतात तर आज घरी घेऊन गेला असतात त्याला."

"मला माहीत आहे ते, बाळा. पाऊस वाढतोय. गाडीकडे चल."

गाडीपाशी त्यानं मागचं दार उघडलं. आत पिंजऱ्यात जाड गोधडी होती. क्विल एका उडीत आत गेला आणि कशाचीही चौकशी न करता तीनदा गोल फिरून बसला.

"मी जरा कॉफी घेऊन येतो," गॅरेथ दुसरीकडे बघत म्हणाला. "पाचेक मिनिटं लागतील मला."

"काही नको. तुझा थर्मास भरलेलाय. मी आधी जाते, मग तू गाडी सुरू कर. माणूस स्वतः चालत गेलं की कुत्र्यांना बरं पडतं. त्यांना नेलं की नाही." तिनं क्विलच्या दोन डोळ्यांमधल्या खळग्यावर अंगठा ठेवला, दाबला आणि काढून घेतला. "शहाणपणानं वाग रे गुलामा. नाव घालवू नकोस."

"एप्रिलात नवं वेत येतंय," गॅरेथ मागून म्हणाला. "विचारू ना तुम्हाला?"

"डॉटला विचार. तिला बोलायला कुणीतरी हवंच आहे."

ती वळली ती वळलीच. गाडी सुरू झाल्याचा आवाज तिला कोपऱ्यापाशी ऐकू आला.

*

परतीच्या बसमध्ये बाजार करून निघालेल्या बायकांची गर्दी होती. ग्लेनिसला खिडकीजवळची जागा मिळाली. भिजलेला कोट, दुखरे गुडघे, काचेवर पाण्याचे ओघळ. पुढच्या थांब्यावर फुगलेल्या पिशव्या घेऊन एक बाई चढली आणि तिच्या शेजारी धपकन बसली.

घाटाच्या वळणावर त्या बाईचं लक्ष खाली गेलं. ग्लेनिसनं दोन्ही पाय बाजूला, बसच्या पत्र्याला चिकटवून, मुडपून घेतले होते. सीटपुढची, एखादं मोठं कुत्रं आडवं पसरेल एवढी, सगळी जमीन मोकळी होती.

"अहो, असं अवघडून काय बसलात? घ्या की पाय समोर," बाई म्हणाली. "इथं कुणी नाहीये."

"हो," ग्लेनिस म्हणाली.

बस टेकडी चढून गेली, दोन थांबे गेले, पिशव्यांची बाई उतरली. पाय तसेच राहिले.