सात नंबरचं कार्ड निकामी

साहेब, तुम्ही मला न तपासताच मेलेलं ठरवलंत. वाकून बघायचं होतं फक्त, पण वाकलं की तुमचं पोट आडवं येतं.

मित्रांनो, मी एक जुनं नेटवर्क कार्ड आहे. हिरवी पाटी, पाठीला वायरीचं भोक, शेजारी चिमुकला दिवा, एवढाच माझा संसार. २००३ साली कळमनुरीच्या एका संगणक वर्गात मला सात नंबरच्या डब्यात बसवलं. तिथल्या दहा डब्यांना स्वतःची हार्ड डिस्क नव्हती. बटण दाबलं की मी वायरीतून कोपऱ्यातल्या सर्व्हरला हाक मारायचो, "सात नंबर बोलतोय, पाठवा!" तो सगळं पाठवायचा, मग पडदा उजळायचा. तीन वर्षं माझी एकही हाक वाया गेली नाही. शिवहार सर म्हणायचे, "सात नंबर म्हणजे आपला उजवा बैल."

मग परीक्षेच्या आदल्या दिवशी पाहुण्यांच्या सोफ्याला जागा हवी म्हणून वर्गाच्या मालकांनी, म्हणजे साहेबांनी, लोखंडी कपाट सरकवलं. सकाळी मी हाक मारली, तर उत्तर नाही. पडद्यावर इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं, वायर तपासा. साहेबांनी काय तपासलं? मला! उपसलं, फुंकर मारली, खोडरबराने दात घासले, उदबत्ती ओवाळली. मग माझ्या जागी चार नंबरचं चालू कार्ड लावलं. तेही मुकं!

"याची त्याला लागण झाली," साहेब म्हणाले. ते कार्ड आपल्या घरी परतताच घडाघडा बोलायला लागलं, तरी साहेबांचा मात्र कागद तयार. 'सात नंबरचं कार्ड निकामी. वेळ सकाळी दहा.' वर शिक्का. मला परत डब्यात खुपसलं, प्रेत झाकावं तसं.

तांड्यावरून आलेली संगिता दारात उभी. दहा डबे, दहा परीक्षार्थी, आणि सात नंबर तिच्या वाट्याचा. कुरुंद्याच्या हळदीच्या आडतीवर संगणकाचं काम तिला ठरलं होतं, फक्त सर्टिफिकेट दाखवायचं होतं.

"पुढच्या परीक्षेला बस. सहा महिन्यांनी."

"आडतवाले सहा महिने थांबतेत व्हय, साहेब?"

झाडणाऱ्या पंचफुलाबाईंनी केरसुणी टेकली. त्यांच्या घरी वीस शेळ्या. "शेळी जागची हलंना तर आधी दावं बघावं. दावं दगडाखाली, अन् तुमी शेळीलाच हाणून राहिले. काहून?"

"बाई, ही मशीन आहे. शेळी न्हाई."

"तेच तर. शेळी असती तर आतापतुर शिंग बसलं असतं तुमाला."

शिवहार सर मात्र वाकले. कपाटाचा पाय बराबर माझ्या वायरीवर! वायर पापडासारखी चपटी. सर ऑफिसात धावले आणि साहेबांच्या संगणकाची वायर उपटून आणली.

"अहो, माझं काम चालूय!"

"पत्त्यांचा डाव नंतर मांडा, साहेब."

माझा दिवा लागला. मी जीव खाऊन ओरडलो, "सात नंबर बोलतोय!" पडदा उजळला आणि अकराच्या ठोक्याला संगिता पेपरला बसली. आज ती कुरुंद्याला आडतीवर बसते.

आणि मी? "शिक्का मारलाय, आता कार्ड जिवंत कसं दाखवू?" असं म्हणत साहेबांनी मला आठवड्याने काढून मोडक्या माऊसांच्या पोत्यात टाकलं. कपाट अजून तिथंच आहे.

मित्रांनो, कुणी मुकं झालं तर त्याला नावं ठेवण्याआधी त्याच्या वायरीवर कुणाचा पाय आहे ते बघा.

आणि साहेब, तुमच्या कागदावर मी दहाला मेलो. मग अकराला संगिताचा पेपर कुणी चालवला? लेखी उत्तर द्या. शिक्क्यासकट.