आबांचा रोल

बाविसाव्या वर्षी मी कॉलेजच्या वार्षिक अंकात एक कथा लिहिली. एकच. तिच्या जोरावर भडगावात सत्तावीस वर्षं लेखक म्हणून मिरवतो आहे. मी शिकवतो त्या शाळेतला शिपाई सुकदेव मला 'साहित्यिक सर' म्हणतो. तो चेष्टा करतो हे कळत असूनही मी गंभीरपणे मान हलवतो.

कथेत एक मुलगा नाटक शिकायला पुण्याला निघतो आणि त्याचा निर्दय बाप ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसून राहतो. मुलगा म्हणजे मी. बाप म्हणजे आमचे आबा. खऱ्या आयुष्यात मी आठ महिन्यांत गाशा गुंडाळून परत आलो, ते कथेत घ्यायचं राहून गेलं.

आता माझ्या मयुरीला सिनेमा शिकायला पुण्यालाच जायचं आहे. प्रवेशासाठी पाच मिनिटांची फिल्म हवी आणि फॉर्मवर पालकांची सही. फॉर्म आठ दिवस माझ्या कपाटात पडून होता. मी नाही म्हणालो नव्हतो, फक्त बघू म्हणत होतो. पण फिल्म माझ्याच कथेवर करणार असं तिने सांगितलं आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. केस रंगवले, नवा शर्ट घातला आणि शूटिंगला, म्हणजे आमच्याच ओट्यावर, हजर झालो.

हिरो शेजारचा ललित निघाला. मयुरीने माझ्या डोक्यावर आबांची टोपी ठेवली आणि रंगवलेल्या कल्ल्यांना गव्हाचं पीठ चोळलं. मी म्हटलं, असला बाप मला जमायचा नाही, माझा स्वभाव तसा नाही. दारात उभी असलेली माझी बायको कामिनी तोंडाला पदर लावून आत गेली.

मला वाक्य एकच होतं. ललितने पिशवी उचलून विचारायचं, "आबा, जाऊ का?" आणि मी मान वर न करता म्हणायचं, "जाय. माले काय इचारस?"

कथेत मी 'कोरड्या आवाजात' असं लिहून ठेवलं होतं. पहिल्यांदा माझा आवाज चिरकला. दुसऱ्यांदा फुटलाच नाही. तिसऱ्यांदा वाक्य कसंबसं झालं, ललित पाठ फिरवून चालू लागला आणि मी मांडीवरच्या शेंगा सांडत उठून उभा राहिलो.

मयुरीने कॅमेरा थांबवला. "पप्पा, बाप उठत नाही."

"तुला काय माहीत?"

"तुम्हीच लिहिलंय."

लिहिलं होतं खरं. पण पुण्याला निघालो त्या दिवशी एसटीत बसेपर्यंत मी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. हिरो वळत नाही, अशी माझी समजूत होती. मग आबा बसून राहिले हे मला कुणी सांगितलं? न पाहिलेला चेहरा मी छापून आणला आणि वर त्यावर शाल-नारळ घेतले. आबांनी तो अंक वाचला होता. आता विचारायला ते नाहीत. मला फार लाज वाटली. डोळ्यात टरफल गेलं म्हणालो, ते कुणालाच पटलं नाही.

मी आत गेलो, फॉर्म काढला, सही केली आणि मयुरीच्या हातात दिला. ती फॉर्मकडे बघतच राहिली.

"निघताना एकदा मागे वळून बघायचं," मी म्हटलं.

"ललितने?"

"ललितचं तू ठरव."

मग टोपी सारखी केली, सांडलेल्या शेंगा गोळा केल्या आणि पुन्हा ओट्यावर बसलो.