सगुणाबाईची गादी

"काय तरी चावायलंय," आमचे मास्तर भल्या सकाळी बाजेवर उठून बसले आणि स्वतःशीच पुटपुटले. "लय चावायलंय. पण सांगावं कुणाला!"

मी शेजारच्या बाजेवर जागीच होते. म्हटलं, "डास असतील."

"हां, डासच," ते म्हणाले आणि पाठ खाजवत चूळ भरायला गेले.

वैशाखात आमच्या वालूरला माणसांना पाणी मिळायची मारामार, डासांना कुठून मिळणार? पण आमच्या घरात त्या मंडळींचं नाव घ्यायची रीत नव्हती. चपटी, तांबडी, बाजेच्या सांध्यात वस्ती करून राहणारी ती मंडळी. आमच्याच काय, अख्ख्या गल्लीत कुणी नाव घेत नसे. ज्याच्या घरात असतात त्याच्या घरात बाई झाडलोट करत नाही, असा लोकांचा समज. मग कोण कशाला बोलेल?

त्याच दुपारी पालमहून कार्ड आलं. यंदा धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात पडला होता, म्हणून मी जावयाला बोलावणं धाडलं होतं. उत्तर असं: 'मंगळवारी दोघे येत आहोत. प्रभावतीस आठ दिवस ठेवून घ्यावे. उद्धव.'

आठ दिवस! मी कार्ड घेऊन घरभर फिरले. दिवाळसणाला जावईबापू चार दिवसांसाठी आले होते आणि दुसऱ्याच दिवशी पहाटेच्या एस.टी.नं प्रभाला घेऊन निघून गेले. म्हणे, शाळेत तातडीचं काम निघालं. ते पालमला मास्तर. दिवाळीच्या सुट्टीत शाळेत कसलं काम? पण आम्ही दोघांनी माना डोलावल्या, कारण खरं काम कुणी काढलं ते आम्हाला ठाऊक होतं. त्यानंतर संक्रांत गेली, शिमगा गेला, प्रभा काही आली नाही.

या खेपेला राहिली नाही तर पुढं कधीच राहायची नाही, हे मला पक्कं कळत होतं.

मंगळवारला पाच दिवस होते. मी पदर खोचला. साऱ्या बाजा अंगणात आडव्या केल्या, विहिरीच्या तळातलं पाणी शेंदून हंडाभर उकळलं आणि एकेका खुराच्या सांध्यात ओतलं. मग कोंबडीचं पीस रॉकेलात बुडवून फटीफटीतून फिरवलं. भिंतीच्या भेगा शेणमातीनं बुजवल्या. लिंबाचा पाला जाळून दारं लावून घेतली, तेव्हा मास्तर खोकत बाहेर पळाले. "मला मारायलीस का त्यांना?" ते म्हणाले.

"कुणाला?" मी विचारलं.

"डासांना," ते म्हणाले.

गादीही मी उसवली. कापूस उन्हात पसरला, खोळ उकळत्या पाण्यात घातली. चौथ्या दिवशी घर असं झालं की मीच बाजेवर लोळून बघितलं. काही म्हणता काही चावलं नाही! मला गाणंच सुचायला लागलं होतं.

गंमत पुढं झाली. आमच्या बाजा बघून गल्लीतल्या आणखी तीन घरांच्या बाजा उन्हात आल्या. कुणी म्हणालं सुंभ सैल झालं, कुणी म्हणालं रंग द्यायचाय. समोरच्या सगुणाबाईनं हंडा ठेवता ठेवता सांगितलं, "लाकूड वाळलंय वो मास्तरीणबाई, जरा पाणी पाजायलेय."

पण पिंजारी काही मंगळवारपर्यंत आला नाही. गादीचा कापूस तसाच. धोंड्याच्या महिन्यातला जावई वाकळेवर बसवायचा? सगुणाबाईकडे तांबड्या खोळीची गादी होती. गल्लीत कुणाचाही पाहुणा आला की त्याच्याखाली तीच जायची. मी मागितली, तिनं हसत दिली. गादी कशी आहे ते विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. पण विचारायचं तर शब्द उच्चारावा लागला असता. मी गप्प उचलून आणली.

मंगळवारी दहा वाजता दोघं आली. प्रभा येऊन गळ्यात पडली, ती सोडेचना. जावईबापूंनी मात्र वळकटी घरात येऊ दिली नाही. अंगणातल्या लिंबाला टांगली. "राहू द्या मामी, बाहेरच बरी." एवढा धसका घेतलाय माणसानं आमच्या घराचा!

पुरणाचे धोंडे झाले, तेहतीस अनारसे ताटात ठेवून झाले. जेवून जावईबापू तांबड्या गादीवर टेकले. गादी जावयाखाली कशी दिसते ते बघायला सगुणाबाई दारात येऊन उभी राहिली. मी सुपारी घेऊन गेले.

आणि जावईबापूंच्या पांढऱ्या बाहीवर त्या मंडळींतला एक निवांत चढत होता. चांगला खाऊनपिऊन असलेला.

मी बघितला. मास्तरांनी बघितला. प्रभानं बघितला.

"ऊन लय आहे यंदा," मास्तर म्हणाले.

"लयच," मी म्हटलं.

"पालमलाबी आहेच की," प्रभा म्हणाली.

जावईबापूंनी तो टिचकीनं उडवला. मग उठून उभे राहिले. "मामा, परभणीची गाडी चारला आहे ना? आमी दोघंबी निघावं म्हणतो."

प्रभा माझ्याकडं बघत होती. मास्तरांनी चष्मा काढला. "शाळेला तर सुट्टी आहे, उद्धवराव."

जावईबापूंनी मान खाली घातली. "दिवाळीतबी सुट्टीच होती, मामा. माझ्या खोलीवरून, त्या वळकटीतून आली होती तुमच्या घरात. त्याच रात्री तुमच्या बाजेवर दिसली, अन् मला तोंड दाखवायची लाज वाटली. म्हणून पळालो. औंदा वळकटी झाडाला टांगली, तरी आलीच बघा माझ्यासंगं."

दिवाळीपासून आम्ही लाजत होतो, तेव्हापासूनच हाही लाजत होता! मला हसू येतंय की रडू ते कळेना.

"कोण आली?" मास्तरांनी विचारलं. इतकं झाल्यावरही विचारलं.

"ती..." जावईबापू अडखळले.

तेवढ्यात सगुणाबाई चपला काढून सरळ आत आली. तिनं गादीचा कोपरा उचलला, शिवण उलटी करून आम्हा सगळ्यांना दाखवली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ढेकूण! ढेकूण म्हना की वो, एवढी शिकलेली मानसं तुमी! अन् जावईबापू, ह्यो तुमचा न्हाई, ह्यो माझ्या गादीतला हाय. पोरीला ऱ्हाऊ द्या आठ दिस!"