बाइंडिंगकडच्या सात जणी

“मावशी, इथे कुठे बसताय? ही जागा शिकणाऱ्यांची.”

“शिकायलाच आलेय. फॉर्म भरलाय,” म्हणत मावशी बाकावर दोन कॉलेजच्या मुलींमध्ये ऐसपैस बसली.

फोरमनसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. छापखाना बंद पडल्यावर जुन्या कामगारांनीच हौसेने त्याचं संग्रहालय केलं होतं. दर रविवारी साहेब लोकांना शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायला शिकवत आणि मावशी झाडलोट करी. एकतीस वर्षं तिने इथेच बाइंडिंगमध्ये पुस्तकं शिवली होती. एकदा जमिनीवर पडलेला खिळा तिने उचलून दिला, तेव्हा याच साहेबांनी चारचौघांत सुनावलं होतं, “बायकांनी सुईदोरा सांभाळावा.” ते बोलणं तिला अजून सलत होतं.

“आपापलं नाव जुळवा,” साहेबांनी सगळ्यांना सांगितलं.

मावशी जुळवू लागली. पहिल्या प्रुफात दोन अक्षरं डोक्यावर उभी राहिली. साहेब गालात हसले. मग सुईने घट्टे पडलेल्या तिच्या अंगठ्याला खिळ्याची सुलटी बाजू दाखवणारी खाच सापडली आणि हात चालू लागला. बाकीच्यांचं नाव एका ओळीत संपलं. मावशीच्या सात ओळी झाल्या.

साहेबांनी प्रूफ वाचलं. मावशीचं आणि तिच्यासोबत बाइंडिंगमध्ये पुस्तकं शिवणाऱ्या सहा जणींची नावं होती. दाराशी कामगारांच्या नावांची मोठी पाटी होती. तिच्यावर खिळे जुळवणारे कंपोझिटर होते, मशीनमन होते, रखवालदारसुद्धा होता. या सात जणी नव्हत्या.

“प्रत्येकीपुढे बाई कशाला? नुसतं नाव पुरे.”

“तेव्हा नुसत्या नावानेच हाका मारल्यात. आता बाई लागेल.”

“आणि हे करायचंय काय?”

“पाटीखाली लावायचंय. चौघी गेल्या यातल्या. राहिलेल्या आम्हा तिघींना तरी दिसू दे.”

“कमिटीला विचारावं लागेल.”

“तुमची पाटी लावताना आम्हाला विचारलं होतं?”

साहेब चष्मा पुसत बसले. मुली खाली मान घालून ऐकत होत्या.

वर्ग संपला. खिळे आपापल्या खणांत परत टाकायचे, हा नियम. सगळे टाकू लागले. मावशीने मात्र पिशवीतून पुस्तकं शिवायचा मेणाचा दोरा काढला, सातही ओळींना चहूबाजूंनी आवळून गुंडाळला आणि गाठ मारली.

“अहो, सात ‘बाई’ जुळवून ‘ई’ संपलेत खणातले. पुढच्या रविवारी लोकांनी काय करायचं?”

“नवे आणा. हे सुटायचं नाही.”

साहेबांनी तो गठ्ठा हातात घेतला, चोहोबाजूंनी दाबून पाहिला. एक खिळा हलला नाही.

“गाठ पक्की आहे,” ते हळूच म्हणाले.

“एकतीस वर्षं तुमची अक्षरं याच गाठीवर पुस्तकात राहिली साहेब.”

साहेबांनी गठ्ठा वरच्या फळीवर ठेवला. मावशीने शाई वाळलेला प्रुफाचा कागद उचलला, चार टाचण्या घेतल्या आणि ती दाराकडे निघाली. जमिनीवर कागदाचे कपटे पडले होते. आज तिने ते उचलले नाहीत.