रंगारीकाकांचा गुलाब

“अहो, जरा जपून! कळी आली असेल कुठेतरी, धक्का लागेल,” रंगारीकाका मागून जिन्यातूनच ओरडले आणि आम्ही सगळे जागच्या जागी थबकलो.

गच्चीवर धुकं उतरलं होतं. पलीकडची इमारत दिसत नव्हती, रस्त्याचा आवाजही कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटत होता. त्या धुक्यात रंगाच्या रिकाम्या बादल्या ओळीनं मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकीतून काहीतरी हिरवं वर आलं होतं. बादल्यांवरून ओघळलेले जुने रंग तसेच वाळून राहिले होते. फूल कुठलं आणि रंग कुठला, हे पहिल्या नजरेला कळेचना.

आम्ही म्हणजे बागवेड्यांचं मंडळ. महिन्यातल्या एका रविवारी कुणाच्या तरी गच्चीवर जमायचं, आपल्या झाडांचं कौतुक सांगायचं, दुसऱ्याच्या झाडांना हळूच नावं ठेवायची आणि चहा पिऊन घरी जायचं. आमच्यात टोमॅटोकाकू आहेत. त्यांच्या बाल्कनीत टोमॅटोशिवाय काही उगवत नाही आणि बोलण्यातही दुसरा विषय नसतो. दाढीवाले आहेत, त्यांची रोपवाटिका आहे, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा. आणि मी. माझ्या हातून निवडुंगसुद्धा दगावतो. मी येते ती माणसांसाठी, पण हे मंडळात बोलून दाखवायची सोय नाही.

रंगारीकाका लोकांची घरं रंगवतात. झाडं त्यांच्याकडे बरीच असली तरी बोलायचे ते एकाच झाडाबद्दल. त्यांच्या बायकोनं लावलेला गुलाब. बाईंच्या माहेरी अंगणात तो होता. तिथल्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे कोंब फुटतो तो सालीचा तुकडा, त्यांनी काढून आणला, इथे रानगुलाबाच्या खुंटावर बसवला आणि वरून पट्टी घट्ट बांधली. पुढे माहेरचं घर विकलं गेलं, अंगणावर इमारत उभी राहिली. त्या जातीचं तेवढं एकच झाड उरलं, ते या गच्चीवर. बाईंच्या हयातीत त्याला एकदाच बहर आला. त्या गेल्या आणि त्यानंतर फूल म्हणून आलं नाही.

“रंग कसा होता, काका?” असं कुणी विचारलं की त्यांचे डोळे मिटायचे. “पिवळा म्हणाल तर पिवळा नाही. पिवळ्यात चिमूटभर लाल टाकायचा, आणि मग पांढरा ओतत राहायचं. हात आपोआप थांबेपर्यंत.” गुलाबामागच्या कठड्यावर त्यांनी ब्रशानं कितीतरी ठिपके देऊन पाहिले होते. एकही त्यांच्या मनासारखा उतरला नव्हता. धुक्यात ते ठिपके मला भिंतीवर आलेल्या फुलांसारखे दिसले.

तर आज आम्हाला बोलावलं होतं ते या झाडासाठीच. फूल का येत नाही ते बघा म्हणून. झाड मात्र नुसतं रसरसलेलं होतं. कमरेच्या वर गेलेलं, पानोपान हिरवंगार.

“एवढं तब्येतीत असलेलं झाड आणि फूल नाही?” टोमॅटोकाकू म्हणाल्या. “माझ्या टोमॅटोचंही एकदा असंच झालं होतं...”

दाढीवाले खाली बसले. त्यांनी फांद्या हातानं बाजूला केल्या, एक पान उलटं करून पाहिलं, बोटानं मातीपाशी चाचपलं. एरवी झाडाजवळ गेले की त्यांची बडबड थांबत नाही. आज थांबली होती. काका चहा आणायला खाली गेले तसे ते उठले आणि आम्हा दोघींना पाण्याच्या टाकीकडे घेऊन गेले.

“हा तो गुलाब नाहीच,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “डोळा कधीच वाळून गेलाय. ही सगळी फूट खालच्या खुंटाची आहे. रानगुलाब आहे हा.”

“अगं बाई!” टोमॅटोकाकूंनी तोंडावर हात ठेवला. “मग आता हो?”

“आता काय. सांगायला हवं.”

“काही नको सांगायला. म्हणावं, घाला खत, येईल फूल. त्या माणसाला दुसरं आहे काय?”

“आणि दर महिन्याला ते विचारणार, मी तेच उत्तर देणार? मला नाही जमायचं, काकू.”

मला दोघांचंही पटत होतं, आणि त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता.

काका कप घेऊन आले. आमचे चेहरे त्यांनी पाहिले, ट्रे कठड्यावर ठेवला आणि सरळ विचारलं, “कीड लागलीय का?”

दाढीवाल्यांनी त्यांना झाडाजवळ बसवलं. फांद्या बाजूला करून आत दाखवलं. तिथे बोटाएवढा एक करडा, सुकलेला तुकडा होता. त्याच्या बुडाशी पट्टीचा विरलेला वेढा अजून होता.

“हे बाईंनी बसवलेलं. हे गेलं, काका. हे बाकीचं खालून आलंय.”

काकांनी खाली वाकून पाहिलं. मग म्हणाले, “कधी गेलं असेल?”

“बरीच वर्षं झाली असणार.”

“म्हणजे तिच्याच मागोमाग.”

मला फार वाईट वाटलं. आपण उगाच आलो, आपलं हे मंडळच उगाच आहे, असं वाटलं.

“पाणी तर रोज घातलं हो,” काका म्हणाले. “ती छाटायची तेव्हा तशीच छाटणी केली. दर थंडीत, चांगली खोलवर. एक साल चुकवलं नाही.”

“तिथेच तर...” दाढीवाले अडखळले. “रानगुलाबाला फूल येतं ते जुन्या फांदीवर. तुम्ही दरसाल जुनी फांदी काढत गेलात. त्यामुळे यालाही कधी फुलता आलं नाही.”

काकांनी मान वर केली. “याला फूल येतं?”

“येतं की. लहान असतं. पाच पाकळ्यांचं, पांढरं. घोसानं येतं.” मग दाढीवाल्यांना एकदम हुरूप आला. “पण ऐका, खुंट दणकट आहे. माझ्याकडे केशरी गुलाब आहे, पिवळा आहे. उद्याच डोळा आणून बसवतो. तुम्ही सांगाल त्याच्या जवळपासचा रंग शोधू. हे सगळं वरचं कापून टाकलं की झालं.”

टोमॅटोकाकूंनी जोरजोरात मान हलवली. आम्हाला सगळ्यांनाच हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. काहीतरी करता येण्याजोगं सापडलं होतं.

काका मात्र त्या हिरव्या फांद्यांकडे पाहत होते. त्यांनी एका फांदीवरचं धुक्याचं पाणी अंगठ्यानं निपटलं, ताजा रंग दिलेल्या दारावरून फिरवावा तसा अलगद अंगठा फिरवत.

“नको,” ते म्हणाले.

“अहो, फुकट देतोय!”

“तसं नाही हो. इतकी वर्षं रोज सकाळी मी याच्याशी बोलतोय. तिचं समजून. आणि हा आपला ऐकून घेतोय. मी कापतोय, हा परत वाढतोय. याला कुणी विचारलंच नाही, बाबा तुझं फूल कसलं आहे म्हणून.” त्यांनी फांदी सोडून दिली. “यंदा छाटत नाही. येऊ दे याचं याला.”

“आणि हा वाळका तुकडा?” दाढीवाल्यांनी हळूच विचारलं. “तो काढावा लागेल. राहिला तर खाली कूज उतरते.”

“कात्री द्या.”

दाढीवाले म्हणाले, मी काढतो. काकांनी हात पुढे केलेला तसाच ठेवला. मग कात्री घेतली, फांद्यांच्या आत हात घातला आणि तुकडा पट्टीसकट खुंटाला लागून कापला. फारसा आवाजही झाला नाही. तळहातावर घेऊन त्यांनी त्यावरची माती फुंकरून काढली आणि तो शर्टाच्या खिशात ठेवला.

“चहा घ्या,” ते आम्हाला म्हणाले. “पार गार झाला असेल. थांबा, परत गरम करून आणतो.”