मी आपोआप यायचो

मित्रांनो, मी एक जुना स्क्रीनसेव्हर. तुमच्यातल्या निम्म्यांनी माझं नावसुद्धा ऐकलं नसेल, असू दे. संगणकाला पाच मिनिटं कुणी हात लावला नाही, की मी आपोआप पडद्यावर येतो. मला बोलवावं लागत नाही, एवढाच काय तो माझा मोठेपणा.

मला आजोबांनी बसवलं. ते घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासायचे. पट्टा तुटलेलं मनगटी घड्याळ माऊसशेजारी ठेवायचे आणि कामात बुडून जायचे. स्वतः काढलेले चारशे बारा फोटो त्यांनी माझ्या स्वाधीन केले. सगळीकडे आजीच, कुठे चिडलेली, कुठे डोळे मिटलेली. आजोबा मात्र एकाच फोटोत, कपाटाच्या आरशात, कॅमेऱ्याआड. चहाच्या वेळी मी यावं म्हणून आजी त्यांचे हात धरून ठेवायची. काय दिवस होते ते!

मग आजोबा गेले. आजीला संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं. आरशातला फोटो दिसेल या आशेने ती रोज दुपारी माझ्यासमोर बसायची. आणि नेमका मी येईना. मला माझीच लाज वाटायची.

मुलीने दुरुस्तीवाल्याला बोलावलं. माझी पाच मिनिटांची वेळ बरोबर लावलेली होती, फोटो जागेवर होते. तो असताना मी शहाण्यासारखा यायचो, त्याची पाठ वळली की गप्प. तिसऱ्या खेपेला तो वैतागला. ही जुनी ब्याद काढूनच टाकतो, म्हणाला.

"काढा मग," आजी हळूच म्हणाली. "पण माऊस परत ह्यांच्या घड्याळावर ठेवा. नाहीतर सरकून पडतं ते."

त्याने माऊस घड्याळावर ठेवला आणि पडद्याकडे पाहिलं. बाण किंचित हलत होता. माऊसच्या पोटातला दिवा खालची हालचाल टिपतो, मित्रांनो. सेकंदकाटा फिरायचा आणि मला वाटायचं, आजोबा अजून कामात आहेत. मी बापडा त्यांचं काम संपायची वाट बघत होतो.

दुरुस्तीवाल्याने आजीला हे समजावून सांगितलं आणि घड्याळ तिच्या हातात दिलं. तिने त्यावरच पाच मिनिटं मोजली. मी आलो. सतरावा फोटो आरशातला निघाला.

"झालं का काम एकदाचं?" आजीने विचारलं आणि तिला रडू आलं.

मित्रांनो, आम्हा जुन्यांना बिघडलेलं ठरवण्याआधी जरा आजूबाजूची वस्तू उचलून बघा. आणि दिवसातून पाच मिनिटं कामावरून हात काढा. कुणीतरी तेवढ्यासाठीच थांबलेलं असतं.