धुतलेला फिल्टर

"माझा पाय चुकला. वय झालं, कबूल करायला लाज कसली?" डेपोच्या कँटीनमध्ये ड्रायव्हर उभा राहून बोलत होता. कार्यक्रम त्याच्याच निरोपाचा, आणि हा गृहस्थ स्वतःवरच ठपका ठेवत सुटला होता. पहिल्या रांगेतल्या फिटरने चहाचा कप न पिताच खाली ठेवला.

ड्रायव्हर त्याचा व्याही. दोघे याच डेपोत पिकले, आणि ड्रायव्हरच्या मुलाला फिटरने आपली लेक दिली.

यंदापासून देशभरच्या बसगाड्या जैवडिझेलवर धावू लागल्या होत्या. बियांचं तेल, खानावळीत तळून उरलेलं तेल, त्यातून केलेलं हे इंधन. धुराला तळणाचा वास यायचा. बसमागे उभं राहिलं की भूक लागते, असं कंडक्टर लोक म्हणायचे. फिटर मंडळींना शिकवायला आलेली बाई जीव तोडून सांगत होती, "हे इंधन टाकीतला जुना गाळ सोडवून आणतं. तो इंधनाच्या फिल्टरात अडकतो, म्हणून सुरुवातीला फिल्टर धुऊन परत लावू नका. फेका आणि नवा घाला." फिटरने मान डोलावली. नव्याची नवलाई नऊ दिवस, असं मनात म्हणाला आणि विसरला. फिल्टर डिझेलमध्ये खळबळून, हवा मारून पुन्हा बसवण्यात त्याचा हातखंडा होता. ऊठसूट नवा मागतो तो कसला फिटर, असं तो उघड म्हणायचा.

असाच एक धुतलेला फिल्टर त्याने व्याह्यांच्या गाडीला लावला. भर चढावर, नेमकं गिअर बदलताना, इंजिन बंद पडलं; ड्रायव्हरला वाटलं, आपला क्लचवरचा पाय चुकला. गाडी मागे घरंगळली आणि ब्रेक लागेपर्यंत भिंतीवर आदळली. आत उभ्या असलेल्या एका बाईचा हात मोडला.

तपासायला गाडी आली ती फिटरकडेच. त्याने फिल्टर उघडला तर आत काळा चिखल. त्याने तो भंगारात टाकला, नवा बसवला आणि साहेबांना सांगितलं, "इंजिनात दोष नाही." नव्या फिल्टरवर इंजिन झकास चालत होतं, म्हणजे म्हटलं तर ते खरंच होतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे संन्याशाने आपणहून दोर गळ्यात घातला. "उद्या माझ्या हातून कुणाचा जीव गेला तर?" म्हणत ड्रायव्हरने राजीनामा दिला, आणि फिटर तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. नोकरीची भीती होतीच, पण लेकीच्या सासरी कोणत्या तोंडाने जायचं, ही त्याहून मोठी. स्वतःची इतकी किळस त्याला आजवर कधी आली नव्हती.

कार्यक्रमानंतर दोघे चालत निघाले.

"आपली नात हल्ली रुसलीय माझ्यावर," ड्रायव्हर म्हणाला. "म्हणते, आजोबा, सायकलवरून फिरवून आणा. मी नाही म्हणतो. या पायाचा काय भरवसा, व्याही?"

फिटर जागीच थांबला. "पाय चुकला नव्हता तुमचा."

"राहू द्या हो. समजूत काढू नका."

"फिल्टर तुंबला होता. मी धुऊन लावलेला. नको म्हणून सांगितलं होतं, तरी लावला. आणि नंतर टाकून दिला, कुणाला कळू नये म्हणून."

ड्रायव्हरने मान खाली घालून आपल्या डाव्या पायाकडे बघितलं. त्याने कानाखाली वाजवली असती तर फिटरला हायसं वाटलं असतं.

"मी घरात बायकोसमोरसुद्धा जपून पाऊल टाकत होतो हो," ड्रायव्हर शेवटी म्हणाला. मग त्याने नाक पुसलं. "चला."

"साहेबांकडे?"

"साहेब कुठे पळून जातोय? आधी त्या हात मोडलेल्या बाईकडे. मी दोनदा माफी मागून आलोय तिची."

डेपोमागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर ड्रायव्हरने बेल वाजवली. बाईने डाव्या हाताने दार उघडलं. उजवा अजून गळ्यातल्या झोळीत होता.

"अहो, परत कशाला आलात?" ती हसून म्हणाली. "किती मनाला लावून घ्याल?"

फिटरला पुढे होता यावं म्हणून ड्रायव्हर दारातून बाजूला सरला.